स्वयंपाकघरातला काटा

१

लोकांच्या स्वयंपाकघरात घड्याळ असतं. आमच्या स्वयंपाकघरात इंजिनाच्या तेलाचा मीटर आहे. वाटीएवढा, पितळी कडीचा, शेगडीच्या वर आणि मसाल्याच्या फळीच्या खाली. इंजिन भिंतीपलीकडे, चक्कीच्या खोलीत. तिथून तांब्याची एक बारीक नळी भिंतीतल्या भोकातून इकडे येते. हसा, हसा. पुरानी बस्तीत सगळेच हसतात. एका गिऱ्हाइकाला मी सांगितलं होतं की या मीटरवर बायकोच्या डोक्याचा पारा दिसतो. तो बिचारा घरी जाऊन चौकशी करत होता, असा कुठं मिळतो म्हणून.

खरं कारण साधं आहे. आमचं इंजिन हँडल मारून सुरू होणारं जुनं डिझेल इंजिन. त्याचं तेल बदललं की आतल्या नळ्या रिकाम्या होतात. नवं तेल बेअरिंगपर्यंत चढायच्या आधी इंजिन पेटलं तर बेअरिंग कोरडं फिरतं, आणि कोरडं बेअरिंग जे धरतं ते मग सोडत नाही. म्हणून तेल बदलल्यावर वरचा खटका उचलून ठेवायचा, म्हणजे इंजिन पेटत नाही, आणि नुसतं हँडल फिरवत राहायचं. मीटरचा काटा खुणेवर आला की खटका पाडायचा. पण हँडल मारणाऱ्याला मीटर दिसत नाही, आणि चक्कीच्या खोलीत काचेवर अशी पिठाची साय धरते की कोणालाच दिसत नाही. तेव्हा मी तो उचलून विमलाच्या स्वयंपाकघरात नेला. तसं तीच म्हणाली होती, की तुमचा सगळा जीव त्या इंजिनात आहे. म्हटलं, घे, अर्धं इंजिन तुझ्याकडे.

ती दिवसभर बोलली नाही माझ्याशी. दसऱ्याला मात्र मीटरला हळदकुंकू वाहिलं.

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. मी इकडे हँडल मारायचा, थोडं मारून थांबायचा, कान द्यायचा. ती तिकडे पदरानं काच पुसून बघायची आणि काटा खुणेवर आला की आवाज द्यायची, "चढलं जी." मी खटका पाडायचा. इंजिन भकभक करून पेटायचं आणि पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, सगळ्या कुत्र्यांना कळायचं की श्यामरावची चक्की सुरू झाली.

विमला मागल्या चैत्रात गेली. फोडणी दिली, गॅस बंद केला, मीटरखालच्या पाटावर टेकली आणि मग उठली नाही.

२

तिच्यानंतर मी इंजिनाचं तेल बदललं नाही. कमी झालं की वरून ओतायचं, बस. सातवीत मी दोनदा बसलो, मास्तरांना माझ्याशिवाय करमत नव्हतं म्हणून, पण इतकं मलाही कळतं की जुन्या तेलात नवं ओतल्यानं ते नवं होत नाही. तेल डांबरासारखं झालं. इंजिन खोकायला लागलं. अभिनव, म्हणजे माझा मुलगा, शंकर नगरच्या फ्लॅटवरून फोन करायचा की बाबा, मोटर लावून दिली आहे ना, मग ते इंजिन काहून चालवता. हे तो हिंदीत म्हणतो, आमचं शहरच हिंदी. मराठी त्याला समजते, पण बोलायला लाजतो. मी त्याला सांगायचो, इंजिनाच्या पिठाला चव असते. गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगत आलो आहे आणि ते बोटं चाटून खातात. पिठाला इंजिनाची चव आली तर कोणी पोळी खाईल का? पण सांगायला काय जातं.

शेवटी एका दुपारी मनाची तयारी केली. इंजिन थोडं चालवून गरम केलं, बंद केलं, खालचा नट काढला. काळं तेल तसराळ्यात पडलं. जाळी डिझेलनं धुतली. नट लावला, नवं तेल भरलं, खटका उचलला. विचार असा केला होता की भरपूर हँडल मारायचं, मग धावत जाऊन काटा बघायचा. माझं धावणं म्हणजे काय असतं ते तुम्ही बघितलं नाही, बरं आहे.

मारलं हँडल. दम लागला तसा थांबलो. सवयीनं कान दिला.

"चढलं जी."

मी खटका पाडला. इंजिन पेटलं.

पट्टा फिरायला लागला, पत्रे थरथरायला लागले, आणि त्या सगळ्या आवाजात उभा राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी कोणाचं ऐकून खटका पाडला.

स्वयंपाकघरात गेलो. ते मी बंदच ठेवतो. चहा चक्कीतच करतो, जेवण सुनेकडून डब्यात येतं. ओट्यावर, फळीवर, पाटावर, सगळीकडे धूळ होती. काटा बरोबर खुणेवर. मीटरच्या काचेवरही धूळ होती, फक्त मधोमध, काट्याच्या समोर, एक गोल जागा स्वच्छ होती. कोणी कापडाचं टोक फिरवावं तशी.

३

आता मी काही भुताखेतावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. लोकांनी ठेवावा म्हणून मी आयुष्यभर मेहनत केली आहे. चिंचेवर पांढरं धोतर टांगून मी आख्खा पारा संध्याकाळचा घरात बसवला होता. तेव्हा मी नीट विचार केला. शेजारचा भैय्यालाल पोहे विकतो, त्याच्या दुकानात टीव्ही चालू असतो, त्यातलं कोणी बोललं असेल. पण टीव्हीतली बाई "जी" कशाला म्हणेल मला. मग वाटलं, माझेच कान. इंजिनाजवळ जन्म गेला, माझे अर्धे कान कधीच गेलेत. गिऱ्हाईक तोंडासमोर ओरडलं तरी मी "काय?" विचारतो. अर्धं खरं, अर्धं नाटक. तर मग भिंतीपलीकडून हळू बोललेलं मला इतकं साफ कसं ऐकू आलं?

हे तपासायचं तर एकच रस्ता होता. आठ दिवसांनी मी पुन्हा तेल बदललं. चांगलं तेल, अजून काळंही झालं नव्हतं. या वेळी स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली. हँडल मारलं, थांबलो.

"चढलं जी."

आवाज तिचाच. शेवटचा शब्द थोडा ओढायची, हातात काम असल्यासारखा. मी खटका पाडला नाही. भिंतीजवळ गेलो आणि नळीच्या भोकाशी तोंड नेऊन विचारलं, आज भाजी काय केली. उत्तर नाही. विचारलं, पायाची सूज उतरली का. उत्तर नाही. एक विनोदही सांगितला, तिला आवडायचा तो, म्हणजे ज्यावर ती "पुरे झालं" म्हणायची. काही नाही. मग परत जाऊन हँडल फिरवलं, थांबलो, आणि तिकडून तेच दोन शब्द आले.

तिला तेवढंच बोलता येत होतं. मी म्हटलं, चालेल.

मग काय, मी तेलाचा नाद लावून घेतला. दर थोड्या दिवसांनी नट काढायचा, चांगलं मधासारखं तेल तसराळ्यात सोडायचं आणि तेच गाळून परत भरायचं. त्या दुपारी मी दाढी करायला लागलो, हेही सांगून टाकतो. भैय्यालाल दारात उभा राहून बघायचा. एकदा म्हणाला, "कका, बच्चे का लंगोट भी इतना नहीं बदलते।" मी त्याला सांगितलं की इंजिनाला जुलाब झाले आहेत. तो "हव, हव" करत गेला आणि संध्याकाळी त्याच्या बायकोनं खरंच ओव्याची पुडी पाठवली.

मला मात्र ती पुरत नव्हती. दोन शब्दांवर माणूस राहू शकतो म्हणतात. राहतो, पण तिसऱ्या शब्दाची वाट बघत.

४

मग एक दुपार आली.

तेल तसराळ्यात सोडलं होतं. नट माझ्या हातात होता. इंजिनाचं चेंबर रिकामं, खालून आरपार बोट घालता येईल असं. खटका पडलेला. हँडल कोपऱ्यात भिंतीला टेकलेलं. मी जाळी धुवायला डिझेलचा डबा ओढला.

"चढलं जी."

मी आधी हसलो. म्हटलं, म्हातारी शिकली मस्करी. मग हसू तिथंच राहिलं.

कारण विमला मस्करी करायची. माझ्या चहात मीठ तिनं घातलं आहे, माझ्या चपला शिंक्यात टांगल्या आहेत, माझ्या सख्ख्या भावाला माझ्या नावानं दोन तास उन्हात उभं केलं आहे. पण मीटरवर कधी नाही. एकदा भांडण होऊन चार दिवस अबोला होता, तेव्हाही तिनं त्या भिंतीपलीकडून "चढलं" म्हटलं, फक्त "जी" गाळलं. तिच्या एका चुकीच्या आवाजानं इंजिन गेलं असतं आणि घरातली चूल. तिथं खोटं नाही, हे आम्ही कधी बोललो नव्हतो, पण होतं.

म्हणजे दोनच गोष्टी. एक तर पलीकडे विमला नाही. नाही तर काटा खरंच चढला आहे.

मी उठून गेलो. माझ्या पायांचा आवाज मला ऐकू येत होता, इतकं घर गप्प होतं. कडी काढली.

काटा खुणेवर होता.

काच टिचकी मारून पाहिली. अडकलेला काटा टिचकीनं पडतो. हा थरथरला, खाली आला, आणि हळूहळू, कोणी श्वास घ्यावा तसा, परत वर चढला. मी नळीला हात लावला. नळी गरम होती. मीटरजवळ चांगली गरम, भोकाजवळ कोमट. पलीकडे जाऊन पाहिलं तर इंजिनाच्या बाजूला गार. म्हणजे जे काही दाबत होतं ते इंजिनाकडून येत नव्हतं. ते स्वयंपाकघराकडून इंजिनात जात होतं.

मी पाटावर बसलो. तिच्या जागी मी कधी बसलो नव्हतो. मांडी घालावी तर गुडघा ओट्याला लागत होता. इतक्या अडचणीत बसायची ती, मला माहीत नव्हतं.

५

त्या रविवारी अभिनव आला, सोबत सून ज्ञानदा आणि प्रताप नावाचा एक पोरगेला माणूस. प्रतापला कॅफे उघडायचा होता आणि त्यात शोभेला जुनं इंजिन हवं होतं. तो म्हणाला, "अंकल, लाल पेंट करवाऊँगा, लाइट मारूँगा, लोग सेल्फी लेंगे।" मी म्हटलं, मलेही लाल रंग दे, शेजारी बसव, जोडीनं फोटो निघतील. प्रताप हसला, ज्ञानदा हसली. अभिनव हसला नाही. तो चक्कीच्या खोलीत उभा राहून त्या तसराळ्यातल्या स्वच्छ तेलाकडे बघत होता. भैय्यालालनं त्याला फोन केला होता, हे मला नंतर कळलं.

"बाबा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच अर्धं मराठीत म्हणाला, "तुम्ही कोणाशी बोलता इथं? पूरा मोहल्ला सुनता है।"

मी म्हटलं, इंजिनाशी. ते उलट बोलत नाही, तुझ्यासारखं.

पण पोट्ट्याचे डोळे भरले होते. आई त्याचीही होती. त्याला वाटत होतं, बाप हातचा चालला आहे, आणि माझं इथून उठणं हाच त्यावर इलाज. मी त्याच्याशी वाद घालू शकलो नाही. मस्करीचा एक तोटा असा आहे, की रडणाऱ्या माणसापुढे ती करता येत नाही. म्हटलं, ठीक आहे, ने.

इंजिन न्यायचं म्हणजे नळी सोडवणं आलं. प्रतापचा माणूस पान्हा घेऊन स्वयंपाकघरात शिरला, तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, हा नट मी काढतो. ज्ञानदा मसाल्याच्या बरण्या उतरवत शेजारीच उभी होती. काटा खुणेवर होता. मी कोणाला दाखवला नाही.

पान्हा लावला आणि नट थोडासा फिरवला.

तेल आलं नाही. हवा आली. सूं करून, बारीक, गरम. माझ्या गालाला लागली. विमला माणसांच्या गर्दीत माझ्या कानाशी वाकून काही सांगायची, आता गप्प बसा म्हणून, तेव्हा लागायची तशी. त्या हवेत तेलाचा वास नव्हता. बडीशेपेचा होता, विमला जेवल्यावर चघळायची त्या.

ज्ञानदानं बरणी खाली ठेवली. "बाबा, ये हवा कहाँ से आ रही है?" तिचा हात गळ्याशी गेला होता. इंजिन बंद आहे आणि रिकामं आहे, हे तिनं आताच पाहिलं होतं.

मी नट कचकन आवळला. काटा खुणेच्या खाली येऊन थांबला होता.

जेवढं गेलं तेवढं गेलं. ते कुठं गेलं असेल ते मी शोधू लागलो नाही. खिडकी उघडी होती.

मी अभिनवला सांगितलं, इंजिन आज नाही. तो चिडला, प्रताप ओशाळला, ज्ञानदा बाहेर जाऊन गाडीत बसली. जाताना अभिनव म्हणाला की पुढच्या रविवारी तो माणसं घेऊन येईल आणि मला, इंजिनाला, दोघांनाही उचलून नेईल. माझं ऐकणार नाही.

६

तो आठवडा मी चक्की लावली नाही. गिऱ्हाइकांचे डबे ओळीनं पडून राहिले. मी पाटावर बसून काटा बघायचो.

तो उतरत होता. बसल्या जागी दिसायचं नाही. चहा करून आलो की दिसायचं. नट मी इतका आवळला होता की त्याची कड झिजली, साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठं बुडबुडा नाही. तरी उतरत होता. जिवंत माणसाचा दाब उतरला तर डॉक्टर असतो. हिच्यासाठी कोणाकडे जायचं?

मी तेल भरलं. खटका उचलून हँडल मारलं, खांदा भरून येईस्तोवर मारलं. थांबलो, कान दिला. पलीकडून काही नाही. धावत गेलो तर काटा जागचा हलला नव्हता. इतकं तेल फिरवून काटा हलू नये, हे इंजिनात होत नाही. पण जिथं रिकाम्या इंजिनात चढतो तिथं भरलेल्यात न चढला तर मी कोणाकडे तक्रार करू? मी खटका पाडून ठेवला आणि पुन्हा तेल सोडलं. निदान तसं तरी बोलेल. नाही बोलली.

भैय्यालाल आला, दाराशी बसला. मी त्याला म्हटलं, तुझी बायको जिवंत आहे तोवर तिच्याकडून दुसरे शब्दही वदवून घे, भांडणाचे का होईना. तो म्हणाला, "कका, ओ तो दिन भर बोलथे।" मी म्हटलं, बोलू दे रे.

शनिवारी काटा शून्यावर टेकला.

७

रविवारी ऊन चांगलं वर आल्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी चक्कीचं शटर आतून लावून घेतलं होतं, रस्त्याकडचं दारही. मागचं दार तर विमलानंच कधीच बंद करून टाकलेलं. घरात मी एकटा, स्वयंपाकघरात, पाटावर.

अभिनव दार वाजवायला लागला. "बाबा, चलो ना।" आवाजात राग नव्हता. त्यानं दोन-तीनदा हाक मारली, तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच "आलो रे" म्हटलं. मी उठणार होतो. खरं सांगतो, उठणारच होतो. शून्यावरच्या काट्यासमोर किती बसणार माणूस. एक हात ओट्यावर टेकून मी अंग उचललं.

तेव्हा पलीकडे, चक्कीच्या खोलीत, वरचा खटका उचलल्याचा आवाज झाला.

मग हँडल फिरायला लागलं.

माझ्यासारखं नाही. मी झटक्यानं मारतो. हे सावकाश होतं, एका लयीत, मधे जरा दम घेऊन, जसं ती जातं ओढायची. कोरडं इंजिन करकरत होतं. मी मीटरकडे पाहिलं. काटा शून्यावरून सुटला.

भिंतीतलं भोक नळीपेक्षा मोठं आहे. मी त्याला डोळा लावला. पलीकडे शटरच्या फटीतून आलेला उजेड होता आणि त्यात पीठ तरंगत होतं. चाक फिरताना दिसलं. हँडल खाली जाताना दिसलं, वर येताना दिसलं. त्याच्यामागे कमरेला घट्ट खोचलेला पदर, आणि एक कोपर, पिठानं पांढरं. भोक तेवढंच आहे. त्याहून जास्त दिसत नाही.

मी परत पाटावर बसलो. काटा वर येत होता.

हँडल थांबलं.

मला कळलं, ते का थांबलं. तिकडे कोणी कान देऊन उभं होतं. आता सांगायची पाळी माझी होती. मी "चढलं" म्हटलं की खटका पडणार. त्या रिकाम्या इंजिनात काय पेटणार, आणि पेटल्यावर ती पलीकडे थांबणार की जाणार, हे मला माहीत नव्हतं. इंजिन एकदा सुरू झालं की हँडल मारणाऱ्याचं काम संपतं, एवढं मात्र माहीत होतं.

दारावरची थाप थांबली होती. अभिनव शटरला कान लावून असावा. त्याचा आवाज अगदी खाली आला होता, लहान असताना अंधारात यायचा तसा.

"बाबा... तुम्ही तर स्वयंपाकघरात आहात ना? मग हँडल कोण मारून राहिलं?"

सगळं मराठीत म्हणाला.

पदर नव्हता, म्हणून सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली. काटा बरोबर खुणेवर होता. जराही इकडे नाही, तिकडे नाही.

मी भोकाशी तोंड नेलं.

"अवो," मी म्हटलं, "अजून नाही चढलं."

मग हँडल फिरायला लागलं, आधीपेक्षा जोरात, आणि काटा खूण ओलांडून पुढं सरकला.